लेकीची कारसीट नाशिकहून न्यावी का?

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. २० मे रोजी मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला निघतोय : मी, माझे यजमान, सासूबाई आणि आमची लेक. निघताना ती तेवीस महिन्यांची असेल, १४ जूनला तिला दोन वर्षं पूर्ण होतील आणि आम्ही महिनाअखेरीस परतू. वजन अकरा किलो, उंची ८४ सेंटिमीटर. नणंद फ्रीमाँटला राहते. विमानतळावरच गाडी भाड्याने घ्यायची, तिच्या घरी जायचं आणि नंतर पाच दिवस योसेमिटी राष्ट्रीय उद्यान फिरायचं, असा ह्यांचा बेत आहे. आमच्याकडे चांगली कारसीट (गाडीत लहान मुलाला पट्ट्यांनी बांधून बसवायची वेगळी सीट) आहे, इथे ती रोज वापरतो. ती सोबत न्यावी, की भाड्याच्या गाडीबरोबर मिळते ती घ्यावी? नणंद म्हणते, तिच्या मुलाची जुनी सीट गॅरेजमध्ये पडून आहे, तीच वापरा. तिचा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. सासूबाईंचं म्हणणं, चार दिवसांसाठी एवढा व्याप कशाला, मी मांडीवर घेऊन बसेन. विमानातही सीट लागते का? डोकं भंडावून गेलंय. – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात एक गोष्ट फार चांगली आहे. सीट वापरायची की नाही हा तुमचा प्रश्नच नाही, कुठली वापरायची एवढाच आहे. म्हणजे अर्धी वाट तुम्ही आधीच चालून आला आहात.

आधी तुमच्या घरच्या सीटबद्दल. तिच्या मागे किंवा बुडाशी नारिंगी लेबल असेल आणि त्यावर गोलात इंग्रजी ई आणि एक आकडा छापलेला असेल, तर ती युरोपच्या मानकाची आहे. आपल्याकडचं एआयएस-०७२ हे मानकही त्याच धाटणीचं. अमेरिकेत मात्र रस्त्यावर चालते ती फक्त त्यांच्या स्वतःच्या मानकाची सीट. त्याचं नाव एफएमव्हीएसएस २१३. तुमची सीट कमअस्सल आहे असं अजिबात नाही, पण तिथल्या कायद्याच्या दृष्टीने ती सीटच नाही. तिथल्या सीटला छातीवर दोन्ही पट्टे जवळ आणणारी एक क्लिप असते, तीही आपल्या सीटला बहुधा नसते. विमानात अशी युरोपीय मानकाची सीट चालू शकते, पण विमानातून उतरल्यावर कॅलिफोर्नियाच्या रस्त्यावर तिचा उपयोग शून्य. सात-आठ किलोचं ते धूड दोन विमानतळांवरून ओढत नेऊन नणंदेच्या घरी कोपऱ्यात ठेवायचं, याला अर्थ नाही. म्हणून ती न्यायची नाही, हे पक्कं करा.

भाड्याच्या सीटबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण तिथे मी स्वतः पोळले आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही असेच रात्री साडेअकराला एका अमेरिकन विमानतळावर उतरलो. मुलगा दीड वर्षाचा. गाडी आणि सीट दोन्ही आधीच नोंदवलेलं. काउंटरवरच्या माणसाने सीट आणून दिली, तिची छातीची क्लिप तुटलेली. दुसरी आणली, ती मोठ्या मुलाची. तिसरीत सगळं होतं, पण माहितीपुस्तिका नव्हती आणि पट्टे आधीच्या मुलाच्या मापाला अडकलेले. बसवून द्याल का विचारलं, तर आम्हाला परवानगी नाही म्हणाला. त्यात त्याची चूक नव्हती. बसवण्यात काही राहिलं तर जबाबदारी कंपनीवर येते, म्हणून बहुतेक कंपन्या सीट हातात देतात आणि बसवायचं काम आई-बापावर सोडतात. पार्किंगच्या मिणमिणत्या दिव्याखाली आम्ही दोघं पाऊण तास झटत होतो, मुलगा ट्रॉलीवर रडून रडून निपचित पडला होता. शेवटी ‘बसली एकदाची’ असं म्हणून निघालो. सकाळी पाहिलं तर सीट हाताने ओढल्यावर चार बोटं सरकत होती. आदल्या रात्री महामार्गावर आम्ही माझ्या लेकराला त्या सीटमध्ये घेऊन आलो होतो. काही झालं नाही, पण ती चार बोटं मी विसरलेले नाही.

कॅलिफोर्नियाचा कायदा या बाबतीत तुमच्या बाजूचा आहे. तिथे गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीने सीटही उपलब्ध करून द्यावी लागते. ती प्रमाणित हवी, सुस्थितीत हवी, तिचे मूळ भाग शाबूत हवेत आणि ती पाच वर्षांहून जुनी नको. त्यामुळे तुटकी सीट परत करताना संकोच बाळगू नका. पण रात्री, दमलेल्या मुलाला कडेवर घेऊन हक्क बजावायला कुणात जोर असतो? शिवाय हिशेब बघा. सीटचं भाडं साधारण दिवसाला दहा ते पंधरा डॉलर. योसेमिटीचे पाचच दिवस धरले तरी पन्नास-पंचाहत्तर डॉलर झाले. जवळपास तेवढ्याच पैशांत तिथे नवी, हलकी, साधी सीट विकत मिळते.

मी तुमच्या जागी असते तर तेच केलं असतं : नवी अमेरिकन सीट नणंदेच्या पत्त्यावर आधीच मागवायची. ‘कॉस्को’ कंपनीची ‘सिनेरा नेक्स्ट’ नावाची सीट प्रवासी आई-बापांमध्ये लोकप्रिय आहे. (कॉस्टको हे दुकान वेगळं, ही कंपनी वेगळी, मागवताना गोंधळ होतो.) उचलायला हलकी, बारीक बांध्याची, आणि उलट्या तोंडाने, म्हणजे मूल गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून, १८ किलोपर्यंत वापरता येते. दिसायला साधी आहे, गादी पातळ आहे, पण कायद्याची चाचणी महागड्या सीटला जी, तीच हिलाही.

उलट्या तोंडाचं मी मुद्दाम म्हणते आहे. कॅलिफोर्नियात दोन वर्षांखालच्या मुलाला उलटंच बसवावं लागतं. सूट फक्त १८ किलो किंवा १०१ सेंटिमीटरच्या पुढे गेलेल्या मुलाला. तुमची लेक दोन्हींत बसत नाही. म्हणजे १४ जूनपर्यंत तुम्हाला पर्याय नाही. पण १५ जूनला सकाळी उठून सीट फिरवू नका, ही माझी कळकळीची विनंती. एवढ्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. समोरून धडक बसली तर सरळ बसलेल्या मुलाचं धड पट्ट्यांनी धरलं जातं आणि डोकं पुढे फेकलं जातं, सगळा ताण मानेवर. उलट्या बसलेल्या मुलाची पाठ, मान, डोकं एकदमच सीटच्या पाठीत दाबलं जातं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात : सीटची मर्यादा संपेपर्यंत उलटंच. पाय दुमडले जातात म्हणून आज्या हळहळतात. मुलं मात्र मांडी घालून मजेत बसतात.

आता गॅरेजमधली सीट. अमेरिकन सीटवर बनवल्याची तारीख असते आणि तिला वापराची मुदतही असते, साधारण सहा ते दहा वर्षं. ती उलटून गेली की प्लास्टिकवर आणि पट्ट्यांवर भरवसा ठेवत नाहीत. भाचा नऊ वर्षांचा म्हणजे सीट मुदतीच्या काठावर किंवा पलीकडे. त्यातून ती कधी अपघातातल्या गाडीत होती का, सगळे भाग आहेत का, पट्टे कधी वॉशिंग मशीनमध्ये धुतले का (धुवायचे नसतात, विणीचा जोर जातो), कंपनीने ती माघारी बोलावली होती का, एवढं सगळं कळायला हवं. तुमची नणंदच आहे, तेव्हा खरं उत्तर मिळेल. अनोळखी माणसाकडून घेतलेल्या जुन्या सीटबद्दल तर मी सरळ नाहीच म्हणेन.

नकार कसा द्यायचा, ही तुमची खरी अडचण असावी, असं पत्राच्या सुरावरून वाटलं. नकार देऊच नका, काम सांगा. असा निरोप पाठवता येईल : “ताई, तुमच्या सीटचं लेबल मला फोटो काढून पाठवाल का? मुदत संपलेली असेल तर मी एक नवी तुमच्या पत्त्यावर मागवते. भावोजींनी ती आम्ही यायच्या आधी गाडीत बसवून ठेवली तर माझा मोठा घोर मिटेल.” लेबल पाहिल्यावर त्याच म्हणतील, नवी घे. आणि फोटोत सीट मुदतीत निघाली, बाकीच्या प्रश्नांची उत्तरंही चोख मिळाली, तर तीच वापरा. नवीच हवी असा माझा हट्ट नाही.

या निरोपातच पुढची गोष्ट आली आहे. विमानतळावर गाडी घेण्याचा बेत सोडा. घरातून निघाल्यापासून चोवीस तास उलटलेले, डोळ्यांत झोप, आयुष्यात पहिल्यांदा रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं आणि मागे रडणारं मूल. तुमचे यजमान कितीही सराईत असोत, हे नको. भावोजींना सीट बसवलेली गाडी घेऊन न्यायला बोलवा. पाच माणसं आणि सगळ्या बॅगा एका गाडीत मावणार नाहीत, तर यजमानांनी निम्म्या बॅगा घेऊन टॅक्सीने यावं. दोन-चार दिवसांनी झोप रुळावर आली की फ्रीमाँटमधूनच गाडी भाड्याने घ्या. विमानतळाचे वरकड आकार वाचतील ते वेगळंच. गाडी मात्र मध्यम आकाराची घ्या. उलटी सीट जागा खाते आणि लहान गाडीत पुढच्या माणसाचे गुडघे समोर टेकतात.

नव्या गाडीत सीट तुम्हाला बसवावी लागेल, तेव्हा नणंदेच्या अंगणात दोनदा सराव करा. उलट्या सीटसाठी पट्ट्याची वाट वेगळी असते, सीटच्या बाजूला तसं लिहिलेलं असतं. तिथल्या गाड्यांत एक सोय आहे, जी आपल्याकडे सहसा नसते : मागच्या सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढला की तो कुलूपबंद होतो आणि मग आत जाताना टकटक आवाज करत फक्त घट्ट होत जातो. पट्टा सीटमधून ओवा, बक्कल लावा, पूर्ण ओढा, मग सीटवर गुडघ्याने भार देऊन उरलेला पट्टा आत जाऊ द्या. दुसरा मार्ग गाडीच्या सीटच्या फटीत बसवलेल्या खालच्या कड्यांचा, ज्याला तिथे लॅच म्हणतात. दोन्हींपैकी एकच वापरायचा. दोन्ही लावले की दुप्पट सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. झालं की पट्टा जिथून जातो तिथे धरून सीट हलवा. एक इंचाहून जास्त सरकली तर पुन्हा पहिल्यापासून. लेकीचे खांद्यांचे पट्टे उलट्या सीटमध्ये खांद्याच्या रेषेत किंवा त्याखालून यायला हवेत, क्लिप काखेच्या पातळीवर हवी आणि खांद्यापाशी पट्ट्याची चिमटीत घडी येता कामा नये. योसेमिटीत सकाळी गारठा असतो, पण जाड जॅकेट घालून पट्टे बांधू नका. धडकेत जॅकेट चेपतं आणि पट्टा सैल पडतो. आधी बांधा, मग वरून पांघरूण घाला.

एवढं करूनही मनात धाकधूक राहिली तर कॅलिफोर्निया हायवे पोलिसांच्या कार्यालयात वेळ घेऊन सीट तपासून घेता येते. प्रशिक्षित माणसं असतात, पैसे घेत नाहीत. पोलीस म्हटल्यावर आपल्याला दचकायला होतं. पण ही माणसं शांतपणे, शेजारी उभं राहून शिकवतात. आमचीही सीट शेवटी अशाच एका ठिकाणी, फायर स्टेशनमध्ये, नीट बसली होती.

विमानाबद्दल. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर चालतं, हा नियम आहे. ते सर्वांत सुरक्षित आहे असा त्याचा अर्थ नाही. १९ जुलै १९८९ ला युनायटेडचं २३२ क्रमांकाचं विमान अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सू सिटीला कोसळलं. विमानात २९६ माणसं होती, त्यांत चार मांडीवरची मुलं. तेव्हाच्या सूचनेप्रमाणे मुख्य हवाई सेविका जॅन ब्राउन यांनी आई-बापांना मुलांना जमिनीवर ठेवून धरायला सांगितलं. आदळल्यावर दोन आयांच्या हातांतून मुलं निसटली. चारांतलं एक गेलं. त्याच्या आईला जॅन ब्राउन यांनी जळत्या विमानात परत जाण्यापासून अडवलं होतं. पुढची कित्येक वर्षं जॅन ब्राउन एकच मागणी करत राहिल्या : प्रत्येक मुलाला स्वतःची जागा आणि स्वतःचे पट्टे. अमेरिकेच्या विमान प्रशासनाने ते सक्तीचं केलं नाही. त्यांचं कारण असं की जादा तिकिटाच्या भारामुळे कुटुंबं विमान सोडून गाडीने जातील आणि रस्त्यावर त्याहून जास्त मुलं दगावतील. कारण पटो न पटो, रस्ता आकाशापेक्षा धोक्याचा आहे, हे त्यात मान्यच केलेलं आहे.

तुम्हाला येतानाचं तिकीट तर काढावंच लागणार. परतताना लेक दोन वर्षांची झालेली असेल, तेव्हा तिची स्वतःची जागा हवी. जाता-येता दोन्ही तिकिटं ‘इन्फंट’ म्हणून काढली असतील तर आजच विमान कंपनीला फोन करा, हे काम निघायच्या दिवसावर ठेवू नका. ऐपतीत बसत असेल तर जातानाही जागा घ्या. तेवीस महिन्यांचं मूल विमानातल्या झुल्यात मावत नाही आणि इतके तास मांडीवर राहत नाही.

जागा घेतली की कारसीट न्यायलाच हवी असं नाही. ‘केअर्स’ नावाचा पट्ट्यांचा एक संच मिळतो, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचा, हातातल्या पिशवीत मावणारा. विमानाच्या सीटच्या पाठीभोवती एक पट्टा, त्यातून खांद्यावर येणारे दोन पट्टे, ते विमानाच्या कमरपट्ट्यात ओवायचे. अमेरिकन विमान प्रशासनाने तो १० ते २० किलो वजनाच्या आणि १०० सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या मुलांसाठी मान्य केला आहे. तुमची लेक नेमकी बसते. तुमची विमान कंपनी तो चालवते का, हे ईमेलवर लिहून घ्या आणि तो ईमेल फोनमध्ये ठेवा, कारण प्रत्येक सेविकेला तो माहीत असतोच असं नाही. पाठीभोवतीचा पट्टा मागच्या प्रवाशाच्या टेबलाआडून जातो, म्हणून तो प्रवासी बसायच्या आत लावून टाका. गाडीत हा संच चालत नाही, तो फक्त विमानाचा.

आणि जागा घेणं जमलंच नाही, तर निदान एवढं करा : उड्डाणाला, उतरताना आणि हेलकावे बसत असताना लेकीला स्वतःच्या पट्ट्याच्या आत घेऊन बक्कल लावू नका. धक्का बसला तर तुमचंच वजन तिला पट्ट्यावर दाबतं. मुलासाठी वेगळा जोडपट्टा काही कंपन्या देतात, तो मागून घ्या.

सासूबाईंना काय सांगायचं? त्यांची माया खरी आहे, तिला धक्का न लावता सांगा. ताशी पन्नास किलोमीटरने गाडी आदळली तर अकरा किलोच्या मुलाला धरून ठेवायला त्या क्षणी दोनशे किलोच्या घरातला जोर लागतो. धान्याची चार पोती हातांवर तोलण्यासारखं आहे ते. कुठल्याच आईचे, आजीचे हात तेवढे पुरत नाहीत. त्यांना काम द्या : मागच्या सीटवर लेकीच्या शेजारी बसायचं, गोष्टी सांगायच्या, खाऊ भरवायचा, हात धरून झोपवायचं. उलट्या बसलेल्या मुलाला समोर कुणाचा चेहरा दिसत नाही, तेव्हा शेजारच्या आजीची तिला खरंच गरज असते. फ्रीमाँट ते योसेमिटी चार तासांचा रस्ता, शेवटचा सगळा वळणांचा. दर दोन तासांनी थांबा, खाली उतरवा, पळू द्या.

एक टप्पा तुमच्या पत्रात आलाच नाही, आणि मला त्याची सर्वांत जास्त काळजी वाटते. नाशिक ते मुंबई. रात्रीचं विमान, गाडीत चार बॅगा, लेक पेंगलेली, कसारा घाट, ट्रकच्या रांगा. सामानाला जागा व्हावी म्हणून कारसीट घरी ठेवायची आणि मुलीला कडेवर घ्यायचं, असं आपल्याकडे अगदी सहज होतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्या मोटार वाहन कायद्यातही १९४ ब हे कलम आहे : चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा मुलांच्या सीटविना असेल तर हजार रुपये दंड. दंडाचं सोडा, पण कॅलिफोर्नियात जपायची ती मान कसाऱ्यातही तीच आहे. घरच्या गाडीने कुणी तुम्हाला सोडायला येणार असेल तर उत्तम. तुमची रोजची सीट तिच्या रोजच्या जागी राहू दे आणि ती गाडीबरोबर परत नाशिकला जाऊ दे. बॅगा मावत नसतील तर एक टॅक्सी जास्तीची करा. नवी अमेरिकन सीट येताना आणू नका, ती नणंदेकडे पुढच्या पाहुण्यांसाठी राहील. आणि जूनअखेरीस जे कुणी मुंबईला घ्यायला येतील, त्यांना निघायच्या आदल्या दिवशी आठवणीने फोन करा : मागची कारसीट काढू नका, आणि तिच्यावर येताना काही सामानही रचू नका.